वजन कमी करायला मोबाईल कितपत मदत करतो?

२०२५ मध्ये लठ्ठपणाची चर्चा आपल्याकडे जेवढी झाली, तेवढी त्याआधी क्वचितच झाली असेल. जानेवारीत भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची नवी व्याख्या मांडली. २३ फेब्रुवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी स्वयंपाकातलं तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं. मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं भारतात आली. या सगळ्याबरोबर मोबाईलवर वजन कमी करून देणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिरातींचाही पूर आला.

त्यामुळे दवाखान्यात आता एक प्रश्न वारंवार येतो. “डॉक्टर, हे अ‍ॅप घेऊ का? वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत आहे.” काही जण पैसे भरून मोकळे झालेले असतात आणि नुसती पावती दाखवतात.

मोबाईल वजन कमी करायला मदत करू शकतो, पण प्रत्येक वेळी आणि एकट्याने नाही. कोणत्या परिस्थितीत मदत होते आणि कुठे पैसे वाया जातात, याबद्दल आता बऱ्यापैकी अभ्यास झाले आहेत. ते समजून घेतले तर तुमचा निर्णय सोपा होईल.

आधी तुमचा आकडा बरोबर मोजा

अ‍ॅपमध्ये उंची आणि वजन भरलं की ते बीएमआय काढून देतं. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. अनेक अ‍ॅप यासाठी आंतरराष्ट्रीय निकष वापरतात. त्यात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो.

आपल्याला हे निकष पुरेसे नाहीत. भारतीयांमध्ये कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर होतो. म्हणून भारतात २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटर याच्या आत असावा. २०२५ च्या नव्या व्याख्येतही बीएमआयची सुरुवात २३ पासूनच होते. त्यासोबत कंबरेचा घेर आणि वजनामुळे झालेले आजार पाहिले जातात.

एक उदाहरण घ्या. उंची १६५ सेंटीमीटर, वजन ६६ किलो. बीएमआय येतो साधारण २४.२. अ‍ॅप हिरव्या रंगात ‘नॉर्मल’ दाखवेल. आपल्या निकषांनुसार हे वजन जास्त आहे. घरात कोणाला मधुमेह असेल आणि कंबर ९५ सेंटीमीटर असेल, तर या माणसाची रक्तातली साखर तपासायलाच हवी.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. आयसीएमआरच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा लठ्ठपणा जवळपास ४० टक्के प्रौढांमध्ये आढळला.

नुसतं अ‍ॅप दिलं तर काय होतं?

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये नेहमीच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या २१२ जास्त वजनाच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना खाण्याच्या नोंदी ठेवणारं एक लोकप्रिय मोफत अ‍ॅप दिलं, ते वापरायला शिकवलं. उरलेल्यांना नेहमीचे उपचार चालू ठेवले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वजनात फरक होता अवघा ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नसल्यासारखाच. याचं कारणही दिसलं. पहिल्या महिन्यानंतर बहुतेकांनी अ‍ॅप उघडणं जवळजवळ बंद केलं होतं.

मनगटावरच्या पट्ट्यांचा अनुभवही असाच आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात ४७१ तरुणांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला. आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही गटांना होतं. सहा महिन्यांनंतर एका गटाला हालचाल मोजणारा पट्टा दिला आणि दुसरा गट आपल्या नोंदी स्वतः करत राहिला. २०१६ मध्ये निकाल आला. पट्टेवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने कमी झालं, तर स्वतः नोंदी करणाऱ्यांचं ५.९ किलोने.

या पट्ट्यांवर दिसणाऱ्या ‘जळालेल्या कॅलरी’ही फार मनावर घेऊ नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात उपकरणं ६० जणांवर तपासली. नाडीचे ठोके बहुतेक उपकरणांनी बरोबर मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी २७ टक्के चूक होत होती. चालून आल्यावर घड्याळात ३०० कॅलरी दिसल्या म्हणून दोन वडे खाल्ले, तर हिशोब कुठे बिघडतो ते यावरून कळेल.

१०,००० पावलांचा आकडाही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७,००० अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात रोज ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी झालेला दिसला आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तुमचे आई-वडील ५,००० पावलं चालत असतील तर ती ‘कमी पडली’ म्हणून त्यांना हिणवू नका.

जिथे फायदा झाला, तिथे काय वेगळं होतं?

बॉस्टनमध्ये १५ दवाखान्यांतल्या ८४० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचं वजन जास्त होतं आणि त्यांना रक्तदाब किंवा मधुमेह होता. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला नेहमीची माहिती दिली. दुसऱ्याला वजन कमी करण्याचा ऑनलाइन कार्यक्रम दिला. तिसऱ्याला तोच ऑनलाइन कार्यक्रम दिला, आणि त्यासोबत दवाखान्याच्या यंत्रणेतला एक कर्मचारी त्यांची प्रगती पाहत होता, मधूनमधून संपर्क साधून चौकशी करत होता.

वर्षभराने पहिल्या गटाचं वजन सरासरी १.२ किलोने, दुसऱ्याचं १.९ किलोने आणि तिसऱ्याचं ३.१ किलोने कमी झालं. तिसऱ्या गटातला हा कर्मचारी डॉक्टर किंवा नर्स नव्हता. त्याचं काम एवढंच, की कोण मागे पडतंय ते पाहायचं आणि विचारपूस करायची.

नॉर्थ कॅरोलायनात कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधल्या आरोग्य केंद्रांत ३५१ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. तिथे कॅलरी मोजायला लावण्याऐवजी सोपी उद्दिष्टं दिली होती, म्हणजे गोड पेयं बंद करणं, अमुक इतकं चालणं. रुग्ण मोबाईलवरून आपली नोंद कळवत, आहारतज्ज्ञ फोनवर बोलत आणि डॉक्टर भेटीच्या वेळी त्याबद्दल विचारत. वर्षाअखेरीस या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ३.८ किलोने जास्त उतरलं. जे नियमित नोंद कळवत होते, त्यांना फायदा अधिक झाला.

भारतातलं उदाहरणही आहे. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांना दोन गटांत विभागलं. सुरुवातीला आहार-व्यायामाचा सल्ला दोघांनाही दिला. एका गटाला पुढे दोन वर्षं नियमित एसएमएस पाठवले. मेसेज प्रत्येकाची तयारी पाहून बेतलेले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार मेसेज मिळालेल्यांपैकी १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. वजनात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, पण मेसेज मिळणाऱ्यांचं खाणं सुधारलं होतं. काट्यावरचा आकडा हलला नाही तरी सवयींचा फायदा शरीराला मिळतो, हे यातून लक्षात घ्या.

मात्र भारत आणि ब्रिटनमध्ये २,००० हून अधिक लोकांवर एसएमएसचा तसाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा, २०२० च्या निकालात मधुमेह टळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. म्हणजे मेसेज ही गोळी नाही, की दिली आणि ठरलेला परिणाम झाला.

या सगळ्याचा अर्थ काय?

फोन हे काम नोंद ठेवण्याचं आणि निरोप पोहोचवण्याचं करतो. ती नोंद कोणीतरी पाहणार आहे, हे माहीत असलं की माणूस ती ठेवतो. कोणी पाहणारच नसेल, तर तीन आठवड्यांत कंटाळा येतो. यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. अभ्यासांतल्या बहुतेकांचं हेच झालं.

आपल्या दवाखान्यांत एका रुग्णाला मिळणारा वेळ थोडा असतो. मधुमेहाचा पेशंट तीन महिन्यांनी येतो, पाच-सात मिनिटं बोलणं होतं, गोळ्या लिहिल्या जातात. वजन मात्र मधल्या नव्वद दिवसांत वाढतं किंवा उतरतं. त्या नव्वद दिवसांत डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधला धागा टिकवायला मोबाईल उपयोगी आहे. त्यासाठी महागडं अ‍ॅप लागत नाही. फोनमधली साधी वही आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरतं.

तुमच्यासाठी एक साधी पद्धत

पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना सांगा की वजनावर काम करायचं आहे, आणि या चार गोष्टी ठरवून घ्या.

१. उद्दिष्ट. सुरुवातीला सध्याच्या वजनाच्या ५ टक्के पुरे. ८० किलो असेल तर ४ किलो. आठवड्याला साधारण अर्धा किलो हा सुरक्षित वेग आहे. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम होऊ शकतो.

२. नोंद. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर. रोज पाहिलं तर मीठ-पाण्यामुळे किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं आणि उगाच निराशा येते. कंबर महिन्यातून एकदा मोजा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा आणि श्वास सोडल्यावर आकडा पाहा.

३. दोनच सवयी. सगळं एकदम बदलू नका. उदाहरणार्थ, दिवसात तीन चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर रोज १२० कॅलरी नुसत्या चहातून जातात. साखर निम्मी केली तर ६० वाचतात, आणि याला कोणतंही अ‍ॅप लागत नाही. तेलाचं मोजमाप ताटात होत नाही, ते महिन्याच्या किराण्यात होतं. घरात महिन्याला ४ लिटर तेल लागत असेल तर पुढच्या महिन्यात ३ लिटर ६०० मिलिलिटर आणा. चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात. उपासाची साबुदाणा खिचडी, दाण्याचं कूट, संध्याकाळचं फरसाण यांची नोंद आवर्जून करा, कारण ‘हे काही जेवण नाही’ म्हणून तेच लिहायचं राहून जातं.

४. कोणाला कळवायचं आणि कधी. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. दर रविवारी वजनाचा आकडा कोणाला पाठवायचा, ते नावानिशी ठरवा. दवाखान्यातली सिस्टर, आहारतज्ज्ञ, गावात असाल तर आशाताई किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी, घरातली मुलगी, चालायला सोबत येणारा मित्र, यांपैकी कोणीही चालेल. त्यांनी एवढंच करायचं, की रविवारी आकडा आला नाही तर सोमवारी फोन करायचा.

डॉक्टरांच्या नंबरवर मात्र रोज जेवणाचे फोटो पाठवू नका. शंभर पेशंटचे फोटो पाहणं कोणालाही जमत नाही, आणि उत्तर आलं नाही की तुमचा उत्साह जातो. भेटीला जाताना तीन महिन्यांचे बारा-तेरा आकडे एका कागदावर लिहून न्या. त्यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

मूळ अडचण दवाखाना लांब असण्याची असेल, तर सरकारची ई-संजीवनी ही मोफत ऑनलाइन सल्ल्याची सेवा आहे. तीस वर्षांवरील लोकांची मधुमेह-रक्तदाबाची तपासणी आरोग्य मंदिरात होते आणि त्या वेळी भरायच्या फॉर्ममध्ये कंबरेचा घेरही विचारला जातो. तो आकडा तुमच्याकडेही लिहून ठेवा.

इथे सावध राहा

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अ‍ॅपच्या सांगण्यावरून अचानक जेवण वगळलं, सोळा तासांचा उपास धरला किंवा भाकरी-भात पूर्ण बंद केला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि डॉक्टरांना कळवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडाने काही देऊ नका, थेट दवाखान्यात न्या. आहार बदलण्याआधी औषधाचा डोस बदलायचा का, हे विचारणं म्हणूनच गरजेचं आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. वजन उतरलं की त्या जास्त होऊन चक्कर येऊ शकते.

प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर. अ‍ॅप तुमचं अभिनंदन करेल. डॉक्टर मात्र विचारात पडतील. वाढलेली साखर, थायरॉइड, क्षयरोग, कधी कर्करोग, यांत वजन आपोआप उतरतं. अशा वेळी तपासणी लांबवू नका.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण. यांनी अ‍ॅपमधला तयार आहार घेऊ नये. शाळा-कॉलेजातली मुलगी सतत कॅलरी मोजत असेल, जेवण टाळत असेल, तर त्याचं कौतुक करण्याऐवजी तिच्याशी शांतपणे बोला आणि डॉक्टरांना भेटा.

इंजेक्शनं आणि पावडरी. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही प्रभावी औषधं आहेत, पण ती तपासणीनंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असतात. चॅटवर चार प्रश्न विचारून इंजेक्शन घरी पाठवणाऱ्यांपासून दूर राहा. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार ऑनलाइन सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक तुम्हाला दिसायला हवा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला स्वतःहून रुग्णाला सल्ला द्यायची किंवा औषध लिहून द्यायची परवानगी या सूचनांत नाही. अ‍ॅपमधला ‘कोच’ माणूस आहे की यंत्र, हे बेधडक विचारा.

तुमची माहिती. वजन, साखर, पाळीच्या तारखा ही खासगी माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती घेण्याची आणि माहिती पुसून टाकण्यास सांगण्याची तरतूद केली आहे. वजनाचं अ‍ॅप तुमचे फोननंबर, लोकेशन आणि गॅलरी मागत असेल, तर नकार द्या. नोंद ठेवायला त्यांची गरज नसते.

घरच्यांसाठी दोन शब्द

मुलं पुण्यात किंवा परदेशात आणि आई-वडील गावी, असं आता घरोघरी आहे. मुलं घड्याळ पाठवतात आणि तिकडून पावलं पाहतात. हे चांगलंच आहे, पण फोन करून “आज दोन हजारच कशी?” असं विचारलं की आई दुसऱ्या दिवशी घड्याळ काढून ठेवते. त्यापेक्षा “आज कोणाबरोबर गेली होतीस?” असं विचारा. गुडघे दुखत असतील, छातीत दाब वाटत असेल, दम लागत असेल, तर ते याच गप्पांत कळतं. पावलं का कमी झाली, ते घड्याळ सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. घरात एकाच्या ताटात उकडलेलं आणि बाकीच्यांच्या ताटात भजी, असं असेल तर कोणतंही अ‍ॅप टिकत नाही. फोडणीचं तेल कमी करायचं तर ते सगळ्यांसाठी करा.

साधारण तीन ते सहा महिन्यांनी वजन उतरणं मंदावतं. शरीर हलकं झालं की त्याला ऊर्जा कमी लागते, त्यामुळे असं होतं. याच टप्प्यावर बहुतेक लोक सोडून देतात किंवा नवं अ‍ॅप घेतात. नवं अ‍ॅप घेण्याऐवजी या वेळी डॉक्टरांची भेट घ्या. औषधं, झोप, थायरॉइड, व्यायाम यांचा फेरविचार करायची ती योग्य वेळ असते.

आणि पैसे भरायचेच असतील, तर आधी एक प्रश्न विचारा. “मी दोन आठवडे नोंद केली नाही, तर तुमच्याकडून मला कोण फोन करेल?” उत्तरात एखाद्या प्रशिक्षित माणसाचं नाव आलं, तर महिन्याभराचेच पैसे भरून पाहा. “अ‍ॅपवर आठवण येईल” असं उत्तर आलं, तर ते पैसे वजनकाटा आणि टेप घेण्यासाठी वापरा, आणि रविवारी आकडा कोणाला पाठवायचा ते आजच ठरवा.